वय उलटलेले पैलवान

पैलवानाचा भर साधारण विशीत येतो आणि तिशी ओलांडता ओलांडता ओसरू लागतो. तरीही चाळिशीला टेकलेला मल्ल लंगोट कसून मातीत उतरला, तर मराठवाड्यातल्या जत्रेत कोणाला नवल वाटत नाही. आखाडा बाळापूर हे हिंगोली–नांदेड रस्त्यावरचे, कळमनुरी तालुक्यातले बाजाराचे गाव. त्याच्या भोवतालचा कळमनुरी, वसमत, औंढा, हदगाव हा टापू घेतला तरी हेच दिसते. मार्गशीर्षापासून पुढे उन्हाळ्यापर्यंत गावोगाव जत्रा आणि उरूस भरतात आणि त्यांची सांगता बहुधा कुस्त्यांच्या दंगलीने होते. दंगलीत पोरेटोरे असतात, तालमीतले भरातले गडी असतात आणि एखाददुसरा असाही असतो की ज्याची कुस्ती प्रेक्षकांतल्या बापांनी आपल्या लहानपणी पाहिलेली असते.

अशा पैलवानाला हट्टी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. हट्ट असतोच. पण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा कुस्तीचा इतिहास पाहिला तर मल्ल कधी थांबला आणि कधी लढत राहिला, हे त्याच्या मनापेक्षा तीन बाहेरच्या गोष्टींनी ठरवलेले दिसते : त्याचा खुराक कोण चालवतो, त्याची जोड कोण ठरवतो आणि लंगोट उतरवल्यावर त्याला बसायला जागा आहे की नाही.

यातली जोड ठरवण्याची रीत आधी पाहिली पाहिजे, कारण वय उलटलेल्या मल्लाला खरा आसरा तीच देते. गावच्या दंगलीची सुरुवात लहान मुलांच्या कुस्त्यांनी होते. त्यांच्या हातावर रेवड्या, खोबरे किंवा नारळ पडतो. मग इनामाचे आकडे चढत जातात आणि दिवस कलताना शेवटची मानाची कुस्ती लागते. मोठ्या मैदानात वरच्या जोडी आधीच ठरवून पत्रकावर छापतात. लहान गावात मात्र बहुतेक जोडी जागेवर लागतात. पैलवान हात वर करून फडाला फेरी घालतो, कमिटीचा माणूस इनामाची रक्कम पुकारतो आणि समोरून कोणी हात मिळवला की जोड लागली. कोणी पुढे आला नाही तर फेरी पुन्हा सुरू. हलगी तेवढा वेळ कडकडत राहते.

या पद्धतीत वयाचा दाखला कोणी मागत नाही, वजनकाटाही नसतो. पंच आणि जुने जाणकार नजरेने अंदाज घेतात आणि जोड तोलाची दिसली की हात मिळवायला लावतात. नजरेच्या या व्यवहारात मुरलेला मल्ल तरुणापेक्षा वरचढ ठरतो. कोणाचा पट जोरात आहे, कोण खडाखडीत घाईला येतो, कोणाचा दम पाच-सात मिनिटांतच फुलतो, हे त्याला समोरच्याच्या चालण्यावरून कळते. नको त्या गड्यापुढे तो हातच करत नाही. स्पर्धेतल्या मल्लाला समोर कोण येईल हे सोडतीच्या चिठ्ठीवरून कळते, तर जत्रेतला मल्ल प्रतिस्पर्धी स्वतः निवडू शकतो. चाळिशीचा मल्ल स्पर्धेत का दिसत नाही आणि जत्रेत का दिसतो, याचे निम्मे उत्तर एवढ्यातच आहे.

उरलेले निम्मे उत्तर बरोबरीत आहे. मातीतल्या जुन्या कुस्तीला घड्याळ नव्हते. दोन्ही खांदे जमिनीला लागून चितपट होईपर्यंत कुस्ती चालायची आणि निकाल लागत नाही असे दिसले तर पंच ती बरोबरीत सोडवायचे. अनुभवी मल्लाला ही बरोबरी पुरेशी असे. सलामी झाली, शड्डू ठोकला, अंगाला माती लावली की तो समोरच्याच्या मानेवर हात टाकतो आणि आपल्या अंगाचे सगळे वजन त्या हातात उतरवतो. तरुण गडी पटाला झेपावतो. जुना मल्ल पाय मागे घेऊन त्याच्या पाठीवर ओझे टाकतो आणि तिथेच थांबतो. डाव मारायची घाई त्याला नसते. मान दाबून धरायची, मनगट सोडायचे नाही, खालून उठू पाहणाऱ्याला पुन्हा खाली बसवायचे, एवढ्यावर पंधरा-वीस मिनिटे सहज निघतात. तरुणाचा जोर ओसरल्यावर घिस्सा किंवा मोळी साधली तर मैदान मारले, नाहीतर बरोबरी. बरोबरीत इनाम दोघांत वाटले जाते आणि जुन्याच्या नावाला बट्टा लागत नाही.

प्रेक्षकांना हे कळत नव्हते असे नाही. कुस्त्यांच्या पत्रकांवर 'सर्व कुस्त्या निकाली होतील' अशी ओळ मुद्दाम छापली जाते, ती अशाच कंटाळवाण्या बरोबरीच्या तक्रारींतून आलेली आहे. ठरवून सोडवलेल्या कुस्तीला नूरा कुस्ती म्हणून हिणवतात आणि तसा संशय आला तर फडात खडे पडायलाही वेळ लागत नाही. मात्र जुन्याने नव्याला बरोबरीत वाट देण्यात सगळेच कपट असते असे मानू नये. नामांकित मल्लाशी बरोबरी झाली की तरुणाचा भाव वाढतो, पुढच्या गावाचे बोलावणे येते. जुना मल्ल आपले नाव अशा रीतीने थोडेथोडे वाटून टाकत असतो आणि त्याचा मोबदला घेत असतो.

आता खुराकाकडे. दूध, तूप, बदाम, थंडाई आणि मांसाहारी असेल त्याला मटण, यांचा रोजचा खर्च शेतकरी घराला कधीच पेलणारा नव्हता. पोराला तालमीत घालणे म्हणजे घरातली एक म्हैस त्याच्या नावे लावणे. राजेरजवाड्यांच्या काळात हा खर्च दरबाराकडून होई. कोल्हापुरात शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४ ते १९२२) तालमींना आश्रय दिला, उत्तरेतले नामवंत मल्ल आणून ठेवले आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान खुले केले. गोलाकार उतरत्या बैठकीच्या या मैदानाची कल्पना त्यांना रोमचे कोलोसियम पाहून सुचली. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी, काळा इमाम या तालमींची नावे आजही महाराष्ट्रभर घेतली जातात. पतियाळा, दतिया, बडोदे, इंदूर या संस्थानांतही मल्लांना मान होता.

दरबारी मल्लाचे वय झाले तरी त्याचा खुराक तुटत नसे, पण त्याच्यावर लढण्याची पाळीही येत राही. दरबाराचा मल्ल ही दरबाराची अब्रू. दुसऱ्या संस्थानाचा मल्ल आव्हान घेऊन आला तर 'आता वय झाले' असे सांगता येत नसे. गुजरानवाल्याच्या रहीमबक्ष सुलतानीवाल्याची कथा याच सापळ्याची आहे. गामा (जन्म १८७८) नावारूपाला येत होता तेव्हा रहीमबक्ष उत्तर हिंदुस्थानातला अव्वल मल्ल होता, पण मध्यमवयाला लागलेला. गामा साडेपाच फुटांच्या आसपासचा आणि रहीमबक्ष त्याच्यापेक्षा फूटभर उंच. दोघांच्या पहिल्या कुस्त्या बरोबरीत सुटल्या. निकाल लागला तो गामा १९१० मध्ये लंडन जिंकून आल्यानंतर, अलाहाबादच्या मैदानात. त्या लढतीत बरगडीला मार बसून रहीमबक्षला बाहेर पडावे लागले. गामाने पुढे आपला सर्वांत जड प्रतिस्पर्धी म्हणून त्याचेच नाव घेतले. उमेदीतला मल्ल उताराला लागलेल्याला वर्षानुवर्षे हरवू शकला नाही, ही गोष्ट रहीमबक्षच्या मोठेपणाची आणि त्या काळच्या बेमुदत कुस्तीचीही.

पुढे गामाचीही तीच पाळी आली, पण उलट्या अंगाने. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनला पोलंडच्या स्टानिस्लाव झ्बिश्कोशी त्याची लढत अडीच तासांहून जास्त चालली. झ्बिश्को बराच वेळ पालथा पडून राहिला आणि लढत बरोबरीत सुटली. म्हणजे बरोबरीचा आसरा परदेशी मल्लांनाही ठाऊक होता. फेरलढतीला तो आला नाही. मग जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी दोघांना पुन्हा समोरासमोर आणले. दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. ही कुस्ती एक मिनिटही टिकली नाही, गामाने झ्बिश्कोला चीत केले. पन्नाशीतल्या दोन मल्लांसाठी संस्थानाने मैदान उभारावे आणि ते पाहायला हजारोंनी लोटावे, हे आजच्या क्रीडाव्यवस्थेत बसणार नाही. तेव्हा ते बसत होते, कारण लोकांना ताकदीइतकेच नावही पाहायचे होते.

गामाला त्यानंतर तोलाचा प्रतिस्पर्धी उरला नाही, तरी लढण्याची तयारी त्याने सोडली नाही. फाळणीनंतर तो लाहोरला राहिला. पतियाळाचा आश्रय संपला, आजारपणे सुरू झाली. अखेरच्या काळात घनश्यामदास बिर्लांनी त्याला दरमहा ३०० रुपये लावून दिल्याची नोंद आहे. मे १९६० मध्ये तो वारला. जगज्जेत्याची ही अवस्था, तर बाकीच्यांचे काय झाले असेल ते निराळे सांगायला नको.

संस्थाने विलीन झाली तेव्हा मल्लांचा खर्च उचलणारा हात नाहीसा झाला. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात सामील झाले. तिथे निदान तालमी, पेठांचा अभिमान आणि साखर कारखानदारीतून आलेला नवा पैसा होता. मराठवाड्याची गोष्ट वेगळी. आखाडा बाळापूरचा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडला. या भागात खासबागेसारखे मैदान नव्हते, मल्ल पोसणाऱ्या नामांकित तालमींची रांगही नव्हती. कुस्ती होती ती मारुतीच्या देवळामागच्या हौद्यात आणि जत्रेच्या फडात. गावचा पाटील, देशमुख, बाजारातला व्यापारी यांनी टाकलेले इनाम आणि घरोघरची वर्गणी, हाच तिचा राजाश्रय. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची जत्रा जनावरांच्या बाजारासाठी आणि तमाशांच्या फडांसाठी प्रसिद्ध आहे. तिथली कुस्त्यांची दंगल ही या टापूतल्या मल्लांची मोठी बाजारपेठच.

असा आश्रय हंगामी असतो. जत्रा भरली तर इनाम, दुष्काळ पडला तर जत्राच आखडते. मल्लाला वर्षभर पोसण्याची जबाबदारी कोणावरच नसल्यामुळे तो अर्धा शेतकरी किंवा अर्धा हमाल राहतो आणि हंगामात पैलवान होतो. अशा माणसाने निवृत्त व्हायचे म्हणजे नेमके काय करायचे? त्याला कोणी नेमलेलेच नव्हते. हात चालतोय तोवर चार गावची इनामे घरात येतात आणि बी-बियाण्याची सोय होते. फेटा आणि नारळ तर मिळतोच. शहरातल्या लेखकांना अशा मल्लात करुणा दिसते, गावाला मात्र त्यात हिशेब दिसतो. गावाचे म्हणणे जास्त खरे आहे.

स्वातंत्र्यानंतर कुस्तीला जो नवा साचा मिळाला त्यात किताबांना महत्त्व आले. १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली, मामासाहेब मोहोळ हे तिचे आधारस्तंभ. श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये हिंदकेसरी झाले, पुढच्या वर्षी गणपत आंदळकर, १९६४ मध्ये मारुती माने. महाराष्ट्र केसरीचा पहिला किताब १९६१ मध्ये औरंगाबादला दिनकर दह्यारी यांनी मिळवला. म्हणजे या मानाच्या स्पर्धेची सुरुवात मराठवाड्यात झाली, हे आज फारसे कोणाला आठवत नाही.

किताबाने मल्लाला कायमची ओळख दिली. हिंदकेसरी हा मरेपर्यंत हिंदकेसरी. दरवर्षी नव्याने मैदान मारून नाव राखण्याची गरज उरली नाही आणि त्या नावावर वस्तादकी मिळू लागली. आंदळकर १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून लढले, स्पर्धेतून बाजूला झाल्यावर मोतीबाग तालमीत बसले आणि २०१८ मध्ये निधन होईपर्यंत त्यांची ओळख वस्ताद म्हणून मल्लाइतकीच मोठी झाली होती. १९७० आणि १९७१ चे महाराष्ट्र केसरी दादू चौगुले यांचे तसेच; त्यांचे चिरंजीव विनोद चौगुले २००० मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. मराठवाड्यातले ठळक उदाहरण हरिश्चंद्र बिराजदारांचे. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचा हा मल्ल १९६९ मध्ये लातूरलाच महाराष्ट्र केसरी झाला आणि १९७२ मध्ये रुस्तुम-ए-हिंद. दिल्लीच्या सतपालवरच्या त्यांच्या विजयाच्या गप्पा आजही रंगतात. पण त्यांनी मैदानात रेंगाळत बसण्यापेक्षा पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवणे पत्करले. बीड जिल्ह्यातला राहुल आवारे लहानपणी त्यांच्याकडे आला. २०११ मध्ये बिराजदार गेले आणि राहुल लातूरच्याच काका पवारांच्या हाताखाली पुढे गेला. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवले, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ.

दुसरी जागा सरकारी नोकरीची. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवले, तेव्हा त्यांचे वय २६ होते. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. १९५६ च्या ऑलिंपिकची तयारी करताना गुडघा दुखावला आणि ती संधी हुकली. पुढे ते नोकरीत राहिले, १९८३ मध्ये सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, थेट २००० मध्ये. सन्मान करण्यात सरकारने किती उशीर केला हे सर्वांना माहीत आहे. पण गुडघा गेलेल्या खाशाबांना पोटासाठी जत्रेत उतरावे लागले नाही, ते नोकरीमुळे. वस्तादकी किंवा नोकरी मिळाली तो वेळेवर थांबला, ज्याला यातले काहीच मिळाले नाही तो फेरी घालत राहिला. किताब आणि नोकऱ्या मोजक्या, पैलवान हजारोंनी. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तर दोन्हींचे प्रमाण आणखी कमी.

तिसरी वाट मुंबईत निघाली होती. १९५० आणि ६० च्या दशकांत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये 'फ्री स्टाइल' कुस्त्यांना तिकिटे लावून गर्दी व्हायची. दारासिंग (जन्म १९२८) आणि किंगकाँग (जन्म १९०९) ही तिथली मोठी आकर्षणे. किंगकाँग पन्नाशी गाठूनही रिंगणात होता. दारासिंगने निरोपाची कुस्ती खेळली ती १९८३ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी. हा खेळ अर्धा तमाशा होता यात शंका नाही, पण वय झालेल्या शरीराला तो झेपत होता, कारण निकालापेक्षा आविर्भावाला पैसे होते.

मुष्टियुद्धात वय उलटल्यावर लढण्याची किंमत याहून फार जबर आहे. जो लुई १९४९ मध्ये अजिंक्य असताना निवृत्त झाला, करांची थकबाकी डोक्यावर बसली म्हणून परतला आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये, ३७ व्या वर्षी, रॉकी मार्सियानोच्या ठोशांनी आठव्या फेरीत रिंगणाबाहेर फेकला गेला. महंमद अलीने २ ऑक्टोबर १९८० रोजी लॅरी होम्सचा मार दहा फेऱ्या खाल्ला, डिसेंबर १९८१ मध्ये ट्रेव्हर बर्बिककडून तो पुन्हा हरला आणि १९८४ मध्ये त्याला पार्किन्सन झाल्याचे निदान झाले. जॉर्ज फोरमनने १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी जागतिक अजिंक्यपद परत मिळवले खरे, पण त्याचे उदाहरण दाखवून किती जणांनी आपली डोकी फोडून घेतली याचाही विचार केला पाहिजे. हौशी मुष्टियुद्धाने म्हणूनच चाळिशीची मर्यादा घातली आहे. गल्ला भरणाऱ्या व्यावसायिक खेळात तशी सरसकट मर्यादा नाही.

मातीतल्या कुस्तीत डोक्यावर ठोसे बसत नाहीत, म्हणून वयस्क मल्लाला ती मुष्टियुद्धापेक्षा सोसते. तरीही शरीर हिशेब ठेवते. घासून, दाबून कानाच्या कूर्चेत रक्त साकळते आणि कान गोळा होऊन कायमचा बंद गाठीसारखा होतो; जुना पैलवान ओळखायचा तो या कानावरून. गुडघ्याची गादी झिजते, मानेचे मणके दुखू लागतात. ताकद बरीच वर्षे टिकते. पण चपळाई आधी जाते आणि मग दम. म्हणून चाळिशीतला मल्ल ढाक किंवा कलाजंगसारखे झेपेचे डाव टाळतो, मानेवरचा हात आणि खालचा कब्जा यांवर भर देतो. दुखापत भरून यायला विशीत आठवडा पुरतो, चाळिशीत हंगाम जातो.

थांबल्यावरचा धोका मात्र वेगळाच आहे. जोर-बैठका सुटतात, पण जीभ आणि पोट खुराकाला सोकावलेले असते. वजन वाढते, मधुमेह आणि रक्तदाब मागे लागतात, आधीच झिजलेल्या गुडघ्यांवर ते ओझे येते. मेहनत एकदम बंद करू नये, हळूहळू उतरवत न्यावी, असे जुने वस्ताद सांगतात. काही मल्ल वय झाल्यावरही वर्षातून एखाददुसरी कुस्ती धरतात, ती या शिस्तीसाठी : जत्रेची तारीख समोर असली की पहाटे उठायला निमित्त राहते.

जुन्यांचा आसरा हळूहळू अरुंद होत आहे. महाराष्ट्र केसरीत आता माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि त्यांचे विजेते चांदीच्या गदेसाठी भिडतात. गादीवरची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, गुणांवर चालणारी. मान दाबून वेळ काढणाऱ्याला तिथे पंच निष्क्रियतेची ताकीद देतात आणि प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो. मोठ्या मैदानांतही शेवटच्या कुस्तीला वेळ ठरवून देतात आणि निकाल लागला नाही तर गुणांवर लढत पुढे नेतात. बेमुदत कुस्ती गेली तशी सन्मानाची बरोबरीही गेली. तरुणांच्या दृष्टीने हे योग्यच झाले, खेळही पाहण्यासारखा झाला. गादीवर उमेदीची दोन-चार वर्षे वाया गेली तर ती कशी परत मिळत नाहीत, हे नरसिंग यादवच्या बाबतीत दिसले. २०११ पासून सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला हा मल्ल रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर उत्तेजक प्रकरणात चार वर्षांसाठी बाद झाला आणि २०२० मध्ये तिशी ओलांडून बेलग्रेडच्या स्पर्धेत परतला, तेव्हा पदक हाती लागले नाही. जागतिक कुस्ती संघटना ३५ वर्षांवरील मल्लांसाठी वेगळ्या स्पर्धा घेते, वयोगट पाडून आणि फेऱ्यांची वेळ कमी करून. तिथवर पोचायला मात्र विमानाचे तिकीट, संघटनेचे कागद आणि गादीचा सराव लागतो. जत्रेतल्या मल्लाकडे तिन्ही नसतात.

सरकारी मानधन ही वय झालेल्या मल्लांची शेवटची सोय. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीच्या वेळी त्यात वाढ जाहीर झाली आणि वयोवृद्ध मल्लांचे मानधन दरमहा अडीच हजारांवरून साडेसात हजारांवर गेले. आजच्या खुराकाच्या भावात ही रक्कम फार नाही, पण औषधपाण्याला आधार आहे. अडचण पुराव्याची आहे. किताबवाल्या मल्लाचे नाव छापील यादीत असते, नोकरीवाल्याचे सेवापुस्तकात. जत्रेतल्या मल्लाने तीस वर्षे मैदाने मारली तरी त्याच्याकडे फेट्याशिवाय कागद नसतो. जत्रा कमिटीच्या जमाखर्चाच्या वहीत इनामाची रक्कम मात्र दरसाल लिहिली जाते. आखाडा बाळापूरच्या टापूतल्या कमिट्यांनी त्याच ओळीत दोन्ही मल्लांची नावे, गावे, वय आणि निकाल लिहून ठेवावेत आणि जुन्या वह्या रद्दीत घालू नयेत.